अर्ध्या मिनिटाच्या मुंग्या

रविवार, ५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी शुद्धिपत्र, मग खुशाली.

यंत्राच्या खोक्यात जी चिठ्ठी घातली होती, तिच्या चौथ्या ओळीत मी लिहिलं, "लाल तारेचा स्पंज कपाळावर उजव्या बाजूला." ते चूक आहे. "डाव्या बाजूला" असं वाच. तुझ्या डाव्या बाजूला, भुवईच्या जरा वर. दिवसभर मी लोकांच्या समोर उभी राहून त्यांच्या कपाळाला स्पंज लावते, त्यामुळे त्यांची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला येते. चिठ्ठी लिहिताना मी माझ्याच हाताकडे पाहिलं. काल एका बाईंना पट्टा बांधताना हे एकदम लक्षात आलं. झाकणाच्या आतलं चित्र बरोबर आहे.

दुसरी चूक. मी लिहिलं होतं, "जुनी यंत्रं मोडीत काढली, त्यातलं एक मला मिळालं." मिळालं नाही. मी घेतलं. खोकं कोठीच्या खोलीत खालच्या फळीवर होतं आणि मी कुणाला विचारलं नाही. वाक्य लिहिताना "घेतलं" असंच आलं होतं. मी ते खोडून "मिळालं" केलं. खोडलेलं तुला दिसू नये म्हणून चिठ्ठी परत नवीन कागदावर उतरवली. बाबा असते तर म्हणाले असते, ही तिसरी चूक.

डिसेंबरात तू लिहिलंस की एका पुस्तकाच्या प्रुफात तुझ्या हातून दोन ओळी सुटल्या, छापखान्याचे मालक हसण्यावारी नेऊन बोलले, पण तुला ते लागलं. खाली विचारलं होतंस, "तुमचं ते डोक्याला वीज लावायचं यंत्र माझ्यासारख्या म्हातारीवर चालतं का गं?" तू थट्टेत विचारलं असशील. मी थट्टेत घेतलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत लोक वीस मिनिटं खुर्चीत बसतात, मीठपाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजांतून अगदी थोडा प्रवाह जातो, आणि त्यांचं लक्ष टिकतं का ते आम्ही मोजतो. मला वाटलं, तुझंही टिकेल.

हे पत्र मिळाल्याबरोबर यंत्र बंद कर. उलट्या बाजूने काय होतं ते मी विचारून कळवते. तू फोन उचलला असतास तर हे कालच सांगितलं असतं. "बोललेलं तपासता येत नाही" हे तुझं म्हणणं एरवी खरं असेल, पण आज माझा जीव टांगणीला लागला आहे.

तुझी
टिंबू

•

शनिवार, ११ फेब्रुवारी

टिंबूस आशीर्वाद.

माझं शुद्धिपत्र: काही नाही.

अगं, केवढी घाबरलीस! झाकणातलं चित्र मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. चित्रात एक, तुझ्या अक्षरात दुसरं. मग मी काय करणार? आपल्या घरात प्रत प्रमाण. लेखकाने "उजव्या" लिहिलं असेल तर उजव्या. समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुढे जायचं. तुझ्या चिठ्ठीच्या समासात टाकलंही आहे, पाठवू? पंधरा दिवस लाल तार उजवीकडे लावली आणि मला काही झालं नाही. झालं ते चांगलंच झालं.

पट्टा बांधला, बटण दाबलं, की पहिलं अर्धं मिनिट कपाळावर मुंग्या चालतात. मग काही नाही. मी आपली डोळे मिटून बसते. तुझा बाबा गेल्यापासून वीस मिनिटं नुसती बसलेली मला आठवत नाही. परवा एका बैठकीत चाळीस पानं वाचली. एक चूक सापडली नाही. अक्षरजुळणीची बाई सुधारलेली दिसते, इतकी वर्षं ओरडत होते त्याचं चीज झालं.

मालक आले होते. म्हणाले, "बाई, कपाळावर हे लाल कसलं? डोक्याला काय लावता?" मी म्हटलं, "तुम्हालाही लावते, पण आधी डोकं आणा." बिचारे चहा न घेताच गेले.

घेतलंस तर घेतलंस. जुनं खोकं, धूळ खात पडलं होतं. इतकी नखं कुरतडू नकोस, बोटांना बोटं राहू देत.

आता तू म्हणतेस तसं डावीकडे लावते.

आत्या

•

बुधवार, १५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

शुद्धिपत्र: मी "बंद कर" लिहिलं होतं, "डावीकडे लाव" नव्हे. ही माझी चूक नाही, पण चूक आहे म्हणून नोंदवते.

तुझ्या पत्रातल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. "माझं शुद्धिपत्र: काही नाही." आणि "चाळीस पानं, एक चूक नाही." आत्या, दर पत्रात तुझं निदान एक तरी शुद्धिपत्र असायचं. नसलं तर तू शोधून काढायचीस. एकदा "मागच्या पत्रात सूर्यास्ताचा रंग जरा जास्त लाल लिहिला गेला" असं लिहिलं होतंस. आणि चाळीस पानांत एकही चूक नाही अशी चाळीस पानं तू मला कधी दाखवली आहेस?

आमच्या मोठ्या बाईंना मी आडून विचारलं. एखाद्याला तारा उलट्या लागल्या तर काय होतं? त्या खिडकीशी उभ्या राहून सफरचंद खात होत्या. म्हणाल्या, "कधी उलटा परिणाम होतो, कधी काहीच होत नाही, कधी भलतंच काही. मेंदू म्हणजे काही दिव्याचं बटण नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "का? लावल्यास का कुणाला?" मी नाही म्हटलं. प्रयोगशाळेतल्या कुणाला लावल्या नाहीत, एवढंच खरं आहे त्यात.

इथली खोली कशी आहे ते तुला कधी लिहिलं नाही. तीन खुर्च्या, भिंतीला एक बेसिन, कारण लोकांना जाताना केसांतलं मीठ धुवायचं असतं. काल एक बसचालक आले होते. पट्टा बांधला तर म्हणाले, "ताई, हे काढल्यावर मला बायकोचं बोलणं ऐकू यायला लागलं तर मी तुमच्यावर दावा लावीन." निम्म्या लोकांना खरा प्रवाह देतात आणि निम्म्यांना खोटा. खोटं यंत्र सुरुवातीला मुंग्या आणतं आणि मग गुपचूप बंद पडतं. दिवा मात्र चालू राहतो. खऱ्या यंत्रातही कातडी सरावली की मुंग्या जाणवेनाशा होतात, म्हणून बसणाऱ्याला फरक कळत नाही. आमच्या चेहऱ्यावरून कळू नये म्हणून लावणाऱ्यांनाही सांगत नाहीत. दिसायला सगळी सारखी. मी सगळ्यांच्या डोक्याला सारख्याच काळजीने लावते.

एक कर माझ्यासाठी. सोबत एक पान पाठवते. त्यात सात चुका पेरल्या आहेत. मी दहा वर्षांची होईपर्यंत तुम्ही मला शाळेत घातलं नाहीत; रोज सकाळी तू आणि बाबा एका पानात सात चुका लपवून माझ्यापुढे ठेवायचात. सात सापडल्याशिवाय खुर्चीवरून उतरायचं नाही. आता तू खुर्चीवर बस. पहिली चूक तर मांजरसुद्धा पकडेल: "आठवड्याचे आठ वार."

यंत्र मात्र नक्की बंद कर.

टिंबू

•

मंगळवार, २१ फेब्रुवारी

टिंबूस आशीर्वाद.

पान वाचलं. स्वच्छ आहे. तुझं अक्षर सुधारलं गं. खाली सही करून परत पाठवते.

अगं, एक गंमत सांगायची राहिली. मालक आले होते, म्हणाले, "बाई, डोक्याला काय लावता?" मी म्हटलं, "तुम्हालाही लावते, पण आधी डोकं आणा." बिचारे चहा न घेताच गेले.

यंत्र सकाळी एकदा, दुपारी एकदा लावते. दुपारचं जास्त मानवतं. डोक्यातली ती टोचणी, ओळीच्या शेवटी पोहोचताना काहीतरी मागे राहिलं असं जे सारखं वाटायचं, ते गेलं. चाळीस वर्षं मी त्या टोचणीची चाकरी केली. तूही लावून बघ. दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्याला लावतेस, स्वतःच्या का नाही? रात्रंदिवस नखं चावत बसायचं तरी जाईल.

काम मोठं आलं आहे. मुलांच्या रुग्णालयाचा तक्ता आहे, भिंतीवर लावायचा. कोणत्या वजनाच्या मुलाला तापाच्या औषधाचे किती थेंब. १३ मार्चला, सोमवारी छपाईला जायचा, त्याआधी त्यावर माझी "छापावे" अशी सही हवी. तालात वाचता येतं इतका सोपा आहे. पाच किलोच्या बाळाला पाच थेंब, दहा किलोच्या मुलाला दहा, पंधरा किलोच्या मुलाला दीडशे, वीस किलोच्या मुलाला वीस. झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं वाचताना.

आत्या

•

रविवार, २६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पान पोहोचलं. "आठवड्याचे आठ वार" याच्या खाली निळ्या पेन्सिलीने तुझी सही आणि "छापावे". साती चुका जागच्या जागी. मी ते पान पालथं घालून ठेवलं आहे, सारखं दिसू नये म्हणून.

आत्या, तक्त्यातली तिसरी ओळ बघ. पंधरा किलोच्या मुलाला दीडशे थेंब. पंधरा हवेत. तू मला ती ओळ स्वतःच्या हाताने लिहून पाठवलीस आणि पुढे गेलीस. प्रतीत काय आहे ते पुन्हा बघ, आणि प्रतीत दीडशे असेल तर समासात प्रश्नचिन्ह नको, सरळ रुग्णालयाला विचार. तो तक्ता भिंतीवर लागणार आहे. कुणीतरी आई मूल काखेत घेऊन त्याच्यासमोर उभी राहणार आहे.

डोकं आणण्याची गंमत तू मला दोनदा सांगितलीस.

हे सगळं माझ्यामुळे झालं. मी चुकीची बाजू लिहिली, तू पंधरा दिवस उलटं लावलंस, मग दिवसातून दोनदा लावायला लागलीस. मी चोरून आणलेलं यंत्र माझ्या चुकीच्या चिठ्ठीसह तुझ्या डोक्यावर बसवलं. इथे आम्ही एका माणसाला दिवसातून एकदाच लावतो, आणि दर वेळी त्याची सही घेतो.

मालकांना लिहावं असं दहा वेळा मनात आलं. लिहिलं नाही. "आत्याला चुका दिसत नाहीत" हे वाक्य एकदा त्यांच्या टेबलावर पडलं की तुझ्या चाळीस वर्षांचं काय होईल ते मला माहीत आहे. यंत्र बंद केलंस की दोन आठवड्यांत सगळं मूळपदावर येईल असं मला वाटतं. "वाटतं" हा शब्द मी विचार करूनच लिहिला आहे.

तारा काढून तुझ्या टेबलाच्या खणात टाक आणि किल्ली मला पाठव. हात जोडते.

टिंबू

•

शनिवार, ४ मार्च

टिंबे,

तुझी दीडशेची ओळ बघितली. बरोबर आहे. प्रतीत तसंच असणार, नाहीतर मी सोडलं असतं का?

तारा खणात टाकल्या. आता तरी खूश? दुपारी जरा सुनंसुनं वाटतं.

मालक आले होते, म्हणाले, बाई, डोक्याला काय लावता. लावत नाही म्हटलं.

संध्याकाळी येताना निळी पेन्सिल घेऊन ये, दुकान बंद व्हायच्या आत जा. उशीर करू नकोस, तुझा बाबा आणि मी जेवायचे थांबतो.

आत्या

•

बुधवार, ८ मार्च

प्रिय आत्या,

शुद्धिपत्र. या वेळचं लांब आहे.

२६ फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं, "हे सगळं माझ्यामुळे झालं." ते चूक आहे.

तुझं पत्र काल दुपारी आलं. ते वाचून मी मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. खोकं, चिठ्ठी, बाजू, तू. मी उभ्यानेच बोलले. त्यांनी मला थांबवलं नाही, पाणीही दिलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "यंत्राच्या तळाला नंबर काय होता?" मी म्हटलं, सात. त्यांनी कपाटातून वही काढली. त्या जुन्या यंत्रांचा प्रयोग गेल्या वर्षीच संपला, त्यामुळे आता नंबर लपवायचं कारण उरलेलं नाही. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वही माझ्याकडे फिरवली.

सात नंबरचं यंत्र खोटं आहे, आत्या. ते अर्धं मिनिट मुंग्या आणतं आणि बंद पडतं. उरलेली साडेएकोणीस मिनिटं तुझ्या कपाळावर फक्त ओले स्पंज होते. लाल उजवीकडे असो नाहीतर डावीकडे, दिवसातून एकदा असो की दोनदा. "तुझ्या आत्याला या यंत्राने काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "चोरीचं आपण नंतर बोलू."

मी बाहेर आले आणि हसले. जिन्याच्या वळणापर्यंत हसत होते. महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता. मग वळणावर माझे पाय थांबले. यंत्राने काही झालेलं नसेल, तर दीडशे थेंब कुणी सोडले? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. जेवायला कोण थांबलं होतं?

घरी येऊन तुझी पत्रं काढली, दीड वर्षाची. तू शिकवलंस तशी मोठ्याने वाचली, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवीन ओळ असं म्हणत. समोर प्रत धरून ताडून पाहायला कुणी नव्हतं म्हणून दर ओळीखाली पट्टी ठेवली.

ऑगस्टच्या पत्रात तू शेजारच्या भिंतीला ओल आल्याचं सांगितलंस, आणि दुसऱ्या पानावर तेच पुन्हा, पहिल्यांदा सांगते आहेस असं. सप्टेंबरात विचारलंस, "परीक्षेचा निकाल लागला का?" माझी शेवटची परीक्षा होऊन चार वर्षं झाली. एका पत्रावर तारीख आहे ३१ नोव्हेंबर. तू, आत्या. ३१ नोव्हेंबर.

यंत्र तुझ्याकडे आलं जानेवारीत.

आणि ही सगळी पत्रं मी तेव्हाच वाचली होती. चुका मला दिसल्या होत्या. भिंतीची ओल दुसऱ्यांदा आली तेव्हा मी ती गाळून पुढे गेले. "परीक्षेचा" होतं तिथे मी "मुलाखतीचा" वाचलं. ३१ नोव्हेंबरला मनातल्या मनात १ डिसेंबर केलं. डोळ्याने दुरुस्त करून वाचणं. आपल्या घरात याहून मोठा गुन्हा नव्हता. आठ वर्षांची असताना मी असं एकदा केलं तेव्हा तू पट्टी टेबलावर आपटून म्हणाली होतीस, "असावं ते वाचू नकोस, आहे ते वाच." आणि मी दीड वर्ष तुला असावीस तशी वाचत आले.

यंत्राचा दोष मी का ओढून घेतला ते आता कळतं. दोष माझा असला की काय करायचं ते मला ठाऊक असतं. शुद्धिपत्र लिहायचं. या वेळी ते पुरणार नाही.

तूही लपवलंस, हे मी रागाने लिहीत नाही. डिसेंबरात "चालतं का गं" असं विचारलंस तेव्हा थट्टा नव्हती ती. तुला कळलं होतं. ओळीच्या शेवटी काहीतरी मागे राहतंय हे तुला कळत होतं, आणि मग एक दिवस तेही कळेनासं झालं, आणि तू मला लिहिलंस की टोचणी गेली, किती बरं वाटतं.

मोठ्या बाईंनी आज सकाळी मला बोलावलं. नोकरीचं महिनाअखेरीला ठरेल. यंत्र परत आणायचं आहे. त्यांनी कागदावर एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, विसरण्याच्या तक्रारी पाहतात, तुझ्या घरापासून चार थांब्यांवर आहेत. कागद देताना म्हणाल्या, "काही कारणं औषधाने बरी होतात. काही नाही. पण बघितल्याशिवाय कळत नाही." मी विचारलं, त्यांच्याकडे यावर चालेल असं एखादं खरं यंत्र आहे का? त्या म्हणाल्या, "असतं तर कुलपात ठेवलं असतं का?"

मालकांना मी आजच तार केल्यासारखं दोन ओळींचं पत्र टाकलं: "तक्ता मी येईपर्यंत छापू नये. तिसरी ओळ चुकली आहे." ओळ कुणाच्या नजरेतून सुटली ते लिहिलं नाही. ते तुझ्यासमोर सांगीन, तुझ्याआधी कुणाला नाही. छापखान्यात आपण दोघी मिळून जाऊ, आणि तिथे तू काय म्हणशील ते तू ठरव.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुला आता टपालाच्या भरवशावर एकटीला सोडायचं नाही. स्वतः घेऊन येते. जेवणाच्या टेबलाशी आपण बसू, तू खिडकीकडच्या बाजूला, मी बाबांच्या खुर्चीत. हे पत्र तू मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि प्रत मी धरीन. मधेच थांबलीस तर मी पुढचा शब्द सांगणार नाही. थांबलीस असं म्हणेन. त्यानंतर तक्ता वाचू, पहिल्या ओळीपासून. साडेअकराला डॉक्टरांनी वेळ दिली आहे. नको म्हणालीस तर भांडेन, मोठ्याने भांडेन, शेजारच्या ओल आलेल्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतकं.

निळी पेन्सिल घेतली आहे. दोन घेतल्या.

सकाळच्या पहिल्या गाडीने निघते, साडेआठला दारात असेन. दारावर मी आहे हे तुला कळेल ना, हा प्रश्न मी लिहून खोडला होता. पुन्हा लिहिते आहे, खोडलेलं तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून.

येतेय तो दिवस शनिवार, ११ मार्च. ही तारीख मी दोनदा तपासली आहे.

टिंबू